सातबाऱ्यावर न उतरलेली समता

दलितांच्या मुक्तिलढ्याचा विचार सुरू झाला की सार्वजनिक चर्चेत तीन विषय हटकून येतात: राखीव जागा, अत्याचार आणि अस्मितेची प्रतीके. हे तिन्ही विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु या लढ्याचा आणखी एक विषय, जो एके काळी त्याच्या अगदी केंद्रस्थानी होता, तो गेल्या काही दशकांत चर्चेतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. तो विषय म्हणजे जमीन. एप्रिलमधील जयंतीच्या आणि डिसेंबरमधील महापरिनिर्वाणदिनाच्या भाषणांत तो क्वचितच ऐकू येतो. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत तो एखाद्या ओळीपुरता उरला आहे. आणि तरीही महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांच्या लेखी समतेचा प्रश्न आजही तलाठ्याच्या दप्तरापाशीच अडलेला आहे.

स्वातंत्र्य या शब्दाचा खेड्यातील रोजच्या व्यवहारात एक अगदी साधा अर्थ आहे. ज्याला 'नाही' म्हणता येते, तो स्वतंत्र. कमी मजुरीला नाही, फुकटच्या कामाला नाही, मतासाठी येणाऱ्या दडपणाला नाही, अपमानाला नाही. राज्यघटनेने हा नकाराचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. मात्र तो बजावल्यानंतर दुसऱ्या दिवशी चूल पेटेल की नाही, याची हमी घटना देत नाही; ती हमी उपजीविकेच्या साधनातून येते. गावात हे साधन प्रामुख्याने जमीन हेच आहे. म्हणूनच जमिनीचा प्रश्न हा दलितांच्या केवळ दारिद्र्याचा प्रश्न नसून तो त्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. हे सूत्र एकदा ध्यानात घेतले, म्हणजे गेल्या शंभर वर्षांचा इतिहास निराळ्या प्रकाशात दिसू लागतो.

वतन की वेठ?

'वतन' या शब्दाला मराठीत प्रतिष्ठेचा वास आहे. देशमुखी, पाटिलकी, कुलकर्णीपण ही वतने अधिकार आणि मान घेऊन आली. महारांच्या वाट्यास आलेल्या वतनात मात्र अधिकार दुसऱ्याचा आणि राबणूक स्वतःची, अशी वाटणी होती. सरकारी अंमलदारांची सरबराई करणे, टपाल व वसुलाची रक्कम तालुक्याला पोचविणे, गावाची राखण करणे, शिवेच्या तंट्यात हद्द दाखविणे, मर्तिकाचा निरोप परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, अशा कामांची यादी संपत नसे. मोबदला म्हणून इनामी जमिनीचा लहानसा तुकडा आणि रयतेकडून मिळणारे बलुते. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे अधिकच लहान होत गेले आणि बलुते देणे न देणे हे रयतेच्या मर्जीवर राहिले. काम सरकारचे, पगार देणारा गाव, आणि दोघांपैकी कोणालाही जाब विचारण्याची सोय नाही, अशी ही व्यवस्था होती. कामकरी पुरुष हजर नसेल तर घरातील दुसऱ्या कोणीतरी ते काम करावयाचे. म्हणजे एका माणसाची नेमणूक आणि सबंध कुटुंबाची बांधिलकी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेचे मर्म अचूक ओळखले होते. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ज्याला वतनाच्या कामातून मोकळे व्हावयाचे असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन आपल्याकडे ठेवावी आणि गुलामीच्या कामातून सुटावे. बलुत्याऐवजी रोख रकमेची व्यवस्था व्हावी, असा त्याचा आशय होता. विधेयकाला विरोध झाला आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली. तेथेही वतनी जमिनींवरील वाढीव जुडीचा प्रश्न ऐरणीवर होता. या सर्व खटपटीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाबासाहेबांना वतन नको होते, पण जमीन हवी होती. साखळी तुटावी, पण साखळीबरोबर पायाखालची मातीही जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याने कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा कायदा केला. वेठ कायद्याने संपली. जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि ठराविक कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर त्या पूर्वीच्या वतनदारांना नव्या, नियंत्रित शर्तीने पुन्हा देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ही जमीन विकता येऊ नये, ही अट दुर्बलाच्या संरक्षणासाठी होती. हेतू निश्चितच चांगला होता. परंतु संरक्षणाची अट कागदावर राहिली आणि जमिनी मात्र ठिकठिकाणी हातून गेल्या. कोठे कब्जेहक्काची रक्कम वेळेवर भरता आली नाही, कोठे कुलमुखत्यारपत्रावर सह्या झाल्या, कोठे वारसांच्या नोंदीच झाल्या नाहीत. ज्या जमिनी कालांतराने शहरांच्या पोटात आल्या, त्यांची तर अपूर्वाईच वाढली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातील मुंढवा येथील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या व्यवहारावरून जो गदारोळ उठला, त्यातील दोषादोष चौकशीने व न्यायालयाने ठरवावयाचे आहेत. पण त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला: वतनी जमिनीचे मोल कोट्यवधींवर गेले, तेव्हा त्या मोलात मूळ वतनदारांच्या वारसांचा वाटा किती?

बहिष्काराचे अर्थशास्त्र

जमीन आणि स्वातंत्र्य यांचा संबंध सर्वांत उघडपणे दिसतो तो बहिष्काराच्या प्रसंगी. मुंबई सरकारने नेमलेल्या आणि आंबेडकर ज्यांचे एक सदस्य होते त्या स्टार्ट समितीने १९३० मध्ये आपला अहवाल दिला. अस्पृश्यांनी आपले नागरी हक्क बजावण्याचा प्रयत्न केला की गाव त्यांच्यावर बहिष्कार घालते आणि आर्थिक परावलंबनामुळे हे शस्त्र हमखास लागू पडते, हे त्या समितीने नोंदविले होते. कामावर बोलावणे बंद, दुकानातून माल देणे बंद, वहिवाटीच्या रस्त्याने जाणे बंद. यासाठी लाठी उगारावी लागत नाही. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या बांधावर अवलंबून आहे, त्याला केवळ बांधावर येऊ दिले नाही की पुरते.

या शस्त्राची धार आजही पुरती बोथट झालेली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, ही गोष्ट स्वागतार्ह होती; पण असा कायदा एकविसाव्या शतकात करावा लागला, ही बाबही बोलकी आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखाली फिर्याद देणाऱ्यास दुसऱ्या दिवशी फिर्याद ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच शेतावर कामास जावे लागत असेल, तर साक्षीदार का फुटतात आणि तडजोडी का होतात, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. कायद्याने दिलेले संरक्षण वापरण्यासाठीसुद्धा थोडीफार आर्थिक स्वायत्तता लागते.

आकडे पाहिले तर या परावलंबनाची व्याप्ती ध्यानात येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आणि महाराष्ट्रात ११.८ टक्के होते. देशभरातील अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेतमजूर होते, तर स्वतःची शेती कसणारे सुमारे १५ टक्के. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील एकूण वहीत क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे नऊ टक्क्यांहून कमी क्षेत्र असल्याचे दिसले. जमीन कसणाऱ्या हातांचा आणि जमिनीच्या मालकीचा असा हा व्यस्त हिशेब आहे.

सत्याग्रहापासून 'अतिक्रमणा'पर्यंत

हा हिशेब बदलण्यासाठी भूमिहीनांनी स्वस्थ बसून वाट पाहिली नाही. १९५३ मध्ये मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली खानदेश-नाशिक भागात मोठा भूमिहीनांचा लढा उभा राहिला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने हाच लढा देशव्यापी केला आणि लक्षावधी स्त्रीपुरुषांनी तुरुंगवास पत्करला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाची अंमलबजावणी करा, या मागण्यांत कोठेही एका जातीपुरता संकुचितपणा नव्हता. कम्युनिस्ट, समाजवादी आणि इतर पक्षांचे कार्यकर्तेही या प्रश्नावर एकत्र आले होते. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील इतक्या मोठ्या जनआंदोलनाला शालेय इतिहासाच्या पुस्तकांत किती जागा मिळाली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. गायरानाच्या व पडीक सरकारी जमिनी जे भूमिहीन वर्षानुवर्षे कसत होते, त्यांच्यासाठीही निर्णय झाले. त्यांतील महत्त्वाचा निर्णय नोव्हेंबर १९९१ चा. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमानुकूल करावीत, असे त्यात ठरले. १४ एप्रिल १९९० ही तारीख आंबेडकर जन्मशताब्दी वर्षाचा प्रारंभ होय. शताब्दीची ती भेट होती.

परंतु भेट घेण्यास गेलेल्या माणसाकडे पुरावा मागितला गेला. गायरानावरील ताब्याची नोंद गावच्या नमुना 'एक-ई' या अतिक्रमणांच्या नोंदवहीत असावी लागते. ही नोंद तलाठ्याने करावयाची. अनेक गावांत ती झाली नाही, किंवा पुढाऱ्यांच्या दडपणाखाली करण्याचे टाळले गेले. मग ज्याच्यावर अतिक्रमणाबद्दल दंड बसला, ज्याच्यावर खटला भरला गेला, त्याची दंडाची पावती हीच त्याच्या हक्काचा पुरावा ठरली. ज्याला शासनाने एकदा तरी गुन्हेगार ठरविले तो भाग्यवान. ज्याच्याकडे शासनाने ढुंकूनही पाहिले नाही, तो तीस-चाळीस वर्षे जमीन कसूनही कोरडाच राहिला. महसुली व्यवहारातील ही विसंगती कोणा एकाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही, हे मान्य करावे लागेल. ज्याच्याकडे कागद नाही त्यालाच कागद आणावयास सांगणाऱ्या रीतीची ती परिणती आहे.

पुढे परिस्थिती अधिक बिकट झाली. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. गावोगावचे धनदांडगे तळी आणि कुरणे गिळंकृत करीत होते, त्याला आळा घालणे हा त्यामागील हेतू होता आणि तो सर्वथा योग्य होता. विशेष म्हणजे, शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालपत्रात नमूद आहे. मात्र व्यवहारात आदेश तेवढा लक्षात राहिला आणि अपवाद विसरला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिल्यानंतर नोटिसा निघाल्या, तेव्हा बंगला बांधणारा आणि ज्वारी पेरणारा यांच्यात फरक करण्याची तसदी किती ठिकाणी घेतली गेली?

दुसरीकडे, गायरान ही गुरांच्या चराईसाठी राखलेली पवित्र ठेव आहे, असे भूमिहीनाला सांगणारे शासनच २०२३ पासून शेतीपंपांच्या सौर वीज योजनेसाठी गायराने उपलब्ध करून देऊ लागले आहे. सौर वीज हवी, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण कंपनीच्या तारेच्या कुंपणाने जी चराई थांबते ती विकास, आणि भूमिहीनाच्या औताने जी थांबते ते अतिक्रमण, असा दुहेरी न्याय कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

चार एकरांचा आक्षेप

येथे एका प्रामाणिक आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. आजच्या काळात चार एकर जिराईत जमीन घेऊन कोणाचे भले होणार, असे अनेक जाणकार विचारतात. शेती आतबट्ट्याची झाली आहे, शेतकऱ्यांची मुले शहराकडे धावत आहेत, अशा वेळी दलितांना जमिनीच्या तुकड्याशी बांधून ठेवणे हे प्रतिगामीपणाचे नव्हे काय? या मताला खुद्द आंबेडकरांचाच आधारही दाखविला जातो. १९१८ मधील लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या प्रबंधात्मक लेखात त्यांनी असे प्रतिपादिले होते की, शेतीचे दुखणे केवळ तुकड्यांच्या आकारात नाही; जमिनीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त माणसांत आणि भांडवलाच्या अभावात ते आहे, आणि त्यावरील खरा उपाय औद्योगिकीकरण हा आहे. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर त्यांनी शेतजमिनीच्या राष्ट्रीय मालकीची आणि सामुदायिक शेतीची योजना मांडली होती; खाजगी तुकड्यांची नव्हे.

आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा आहे. पहिली गोष्ट, जी वस्तुस्थिती सर्वांना लागू आहे ती फक्त भूमिहीनालाच ऐकविली जाते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होते. चार एकर निरुपयोगी असतील, तर राज्यातील सरासरी शेतकऱ्याची जमीनही निरुपयोगी ठरते. परंतु तिचा त्याग करा, असा उपदेश त्याला कोणी करीत नाही. दुसरी गोष्ट अशी की, औद्योगिकीकरण झाले, पण शेतीतील मनुष्यबळ सामावून घेईल इतका रोजगार त्यातून निर्माण झाला नाही. ज्या भूमिहीनाला गावात आधार नाही, तो कारखान्यात कायमचा कामगार होत नाही. मुकादमाची उचल घेऊन सहा महिने कोयता हाती धरतो, नाही तर शहराच्या नाक्यावर उभा राहतो. जमिनीच्या अभावाने त्याला शेतीतून मुक्त केलेले नाही. त्याच्याकडे सौद्याची ताकद मात्र ठेवलेली नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जमिनीचे मोल केवळ क्विंटलच्या हिशेबाने मोजता येत नाही. घरचे धान्य चार महिने पुरले, तर पडत्या मजुरीला चार महिने नाही म्हणता येते. सातबाऱ्यावर नाव असले, तर पीककर्जाच्या, पीकविम्याच्या, नुकसानभरपाईच्या दारात उभे राहता येते. नाव नसलेल्या कसणाऱ्यासाठी ही सर्व दारे बंद आहेत. अतिवृष्टीत त्याचे पीक वाहून गेले तरी पंचनामा होत नाही. चार एकरांतून समृद्धी येणार नाही हे खरे. पण चार एकरांतून ताठ मान येते, आणि ताठ मानेची माणसेच आपल्या मुलांना शाळेत टिकवू शकतात. आंबेडकरांचे १९१८ चे विश्लेषण आणि वतनी जमिनी राखण्याचा त्यांचा आग्रह यांत म्हणूनच विसंगती नाही. पहिले उत्पादनाचे शास्त्र आहे, दुसरे स्वातंत्र्याचे.

हे तत्त्व शासनालाही तत्त्वतः मान्य आहे. २००४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागाईत जमीन द्यावयाची, असे तिचे स्वरूप. विधवा व परित्यक्तांना तीत प्राधान्य आहे. २०१८ पासून तर संपूर्ण खर्च अनुदानातून करण्याचे ठरले. योजनेच्या नावातच 'स्वाभिमान' आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण होय. पण ही जमीन शासनाने बाजारातून विकत घ्यावयाची आहे, आणि बाजार गावातच भरतो. शासनाचा दर आणि चालू भाव यांत अंतर पडले की विकणारा पुढे येत नाही. आणि पुढे आला तर देऊ करतो ती मुरमाड, पाण्यावाचूनची, वाट नसलेली जमीन. शिवाय दलिताला जमीन विकू नये, असा अबोल दंडक अनेक गावांत असतो, तो वेगळाच. विक्रेत्याच्या मर्जीवर सोडलेली ही योजना रयतेच्या मर्जीवर सोडलेल्या बलुत्याची आठवण करून देते.

काय करता येईल?

मार्ग अवघड आहे, पण अज्ञात नाही. १९९१ च्या निर्णयाखालील सर्व प्रलंबित दाव्यांचा ठराविक मुदतीत निकाल लावावा आणि पुराव्यासाठी केवळ दप्तरावर विसंबून न राहता ग्रामसभेतील जबाब, शेजारच्या खातेदारांची साक्ष व प्रत्यक्ष पाहणी ग्राह्य धरावी. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये आदिवासींच्या बाबतीत वयोवृद्धांचे जबाब पुरावा म्हणून स्वीकारण्याची वाट दाखविली आहे. महसुली जमिनीला ती निषिद्ध का असावी? दिली जाणारी प्रत्येक जमीन पतिपत्नींच्या संयुक्त नावे व्हावी, एकल स्त्रियांच्या स्वतंत्र नावे व्हावी. कसणाऱ्यांच्या दाव्यांचा निर्णय होईपर्यंत ते गायरान दुसऱ्या कोणत्याही प्रकल्पास देऊ नये. वतनी जमिनींची जिल्हावार तपासणी करून कोणती जमीन कोणाच्या नावे, कोणत्या परवानगीने गेली, हे लोकांसमोर ठेवावे. आणि जमीन दिल्यावर विहीर, बांधबंदिस्ती व पहिल्या दोन हंगामांचे भांडवल यांची जोड द्यावी. अन्यथा दिलेली जमीन पुन्हा सावकाराकडे किंवा खंडाने मोठ्या खातेदाराकडे जाण्यास वेळ लागत नाही.

गायरान ही गावाची सामाईक मालमत्ता आहे, ती अशीच वाटत गेलो तर चराईचे काय, ही शंका रास्त आहे. शेळ्या पाळणारी भूमिहीन स्त्रीही त्याच गायरानावर अवलंबून असते. म्हणूनच प्रत्येक गावात किती जमीन चराईला, किती कसणाऱ्यांना, याचा निवाडा मोजणी करून आणि उघडपणे झाला पाहिजे. आज तो मोजणीवाचून आणि आडून होत आहे, आणि आडून होणाऱ्या निवाड्यात दुर्बलाचा वाटा कधीच मोठा नसतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीसमोर बोलताना आंबेडकरांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत आणि ती लवकरात लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल. त्या इशाऱ्यास पाऊणशे वर्षे उलटून गेली. मताचा हक्क दलितांनी जिद्दीने वापरला, शिक्षणाची कास धरली, विद्यापीठांत, साहित्यात, प्रशासनात आपले स्थान मिळविले. हा सर्व पराक्रम त्यांचा आहे. पण गावकुसाबाहेरच्या ज्या माणसाला उद्याच्या मजुरीसाठी आजचा अपमान गिळावा लागतो, त्याच्यापर्यंत ही समता पोचलेली नाही. ती पोचविण्यासाठी नवी घोषणा नको, नवे स्मारक नको. जे निर्णय शासनाने स्वतःच्या सहीने केले आहेत, त्यांची नोंद सातबाऱ्यावर झाली तरी पुष्कळ होईल. ज्या दिवशी भूमिहीन माणूस गावात कोणालाही निर्भयपणे 'नाही' म्हणू शकेल, त्याच दिवशी १९५० चे प्रजासत्ताक त्याच्या शिवारात उतरले, असे म्हणता येईल.